अकीकातून गणपती कोरताना टवके का उडतात? आधी दगड, मग यंत्र

प्रश्नकर्त्यांनी जे विचारले आहे ते थोडक्यात असे. नाशिक जिल्ह्यातील त्यांच्या शेतात विहीर खोल करताना मुठीहून थोडा मोठा अकीकाचा, म्हणजे अ‍ॅगेट या पट्टेदार कठीण दगडाचा, गोळा निघाला. त्यातून देव्हाऱ्यात ठेवण्याजोगा सहा-सात सेंटीमीटर उंचीचा गणपती कोरावा, अशी त्यांची इच्छा आहे. हातात धरायचे छोटे रोटरी यंत्र आणि त्यासोबत आलेला स्वस्त डायमंड बरांचा (यंत्रात बसवायच्या हिऱ्याचे कण लावलेल्या टोकांचा) संच एवढ्या सामग्रीवर त्यांनी सुरुवात केली. सोंडेचे टोक उडाले, कानांच्या कडांचे टवके गेले, बर पाहता पाहता बोथट झाले आणि जो भाग ठीक उतरला त्यालाही कितीही घासले तरी चकाकी येत नाही. तेव्हा आता कोणते चांगले यंत्र घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

यंत्राबद्दल मी शेवटी सांगणारच आहे. परंतु कठीण दगडातील लहान वस्तू कोरण्याचे आणि ते शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत असल्याने एवढे खात्रीने म्हणू शकतो की, तुमच्या चार तक्रारींपैकी एकीचेही मूळ यंत्रात नाही. यंत्र दुप्पट किमतीचे असते, तरी सोंड तुटलीच असती. खरा प्रश्न असा आहे की, हाती आलेला दगड कोणता आकार झेलू शकतो हे कसे ओळखावे आणि तो आकार दगडाला धक्का न देता त्यातून कसा काढावा. दगड प्रत्यक्ष न पाहता काही गोष्टी मला सांगता येणार नाहीत; त्या कोणत्या, हे त्या-त्या ठिकाणी नमूद करतो.

पहिली गोष्ट अशी की, अकीक कापला जात नाही, तो झिजवला जातो. वेरूळचे कैलास लेणे छिन्नी-हातोड्याने बसाल्टातून उतरले, कारण बसाल्ट हा अनेक खनिजांच्या कणांचा खडक आहे आणि पोलादी छिन्नीच्या घावाखाली ते कण चुरडतात. त्याच बसाल्टाच्या पोकळ्यांत तयार झालेला अकीक मात्र छिन्नीला दाद देत नाही. काठिण्य मोजण्याच्या मोस मापश्रेणीवर पोलाद साधारण साडेपाच ते साडेसहा, तर अकीक साडेसहा ते सात. त्यामुळे अकीकावर चालते ते फक्त त्याहून कठीण अपघर्षक: पूर्वी कुरुंदाची भुकटी, आता सिलिकॉन कार्बाइड आणि हिरा. तुमच्या बराला दात नाहीत. त्याच्या पृष्ठभागावर हिऱ्याचे बारीक कण चिकटवलेले आहेत आणि प्रत्येक कण दगडातून सूक्ष्म कण सुटा करतो. सहाणेवर चंदन उगाळताना जोर लावून जसे काही साधत नाही, पाणी आणि संथ फिरता हातच लागतो, तसेच येथे आहे. जोर लावला की उष्णता वाढते, हिऱ्याचे कण उपटून निघतात आणि दगडाच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पसरतात. बर लवकर बोथट होण्याचे कारण बहुधा हेच आहे.

येथे एखादा जाणकार म्हणेल की, गुजरातमधील खंबायतचे कारागीर तर अकीकावर हातोडीच चालवतात. हे खरे आहे. पण ती पद्धत नीट पाहिली, तर माझ्या म्हणण्याला पुष्टीच मिळते. खंबायतला भरूच-राजपिपळा भागातील रतनपूरच्या खाणींतून कच्चा अकीक येतो. तो आधी उन्हात वाळवला जातो आणि मग मातीच्या मडक्यांत मंद आचेवर तापवला जातो. या तापवण्याने त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन रंग लालसर होतो आणि दगडाचे पापुद्रे सुटणेही सोपे होते. त्यानंतर कारागीर जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी कांब समोर घेऊन बसतो, दगडाची कड त्या टोकावर टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका देतो. टवका उडतो तो कांबीच्या टोकापाशी, म्हणजे कारागिराला हवा तेथे. अकीक कोणत्याही ठरावीक पातळीवर फुटत नाही, तो शंखाभ म्हणजे खोलगट वळणाने फुटतो, आणि त्या फुटण्याच्या रीतीलाच त्यांनी हत्यार बनवले आहे. लोथलसारख्या हडप्पाकालीन ठिकाणी मण्यांच्या कार्यशाळेचे अवशेष सापडले आहेत, इतकी या भागातील ही कारागिरी जुनी आहे. मात्र हातोडीचे काम ओबडधोबड आकारापर्यंतच चालते. पुढचा सगळा आकार, भोके आणि चकाकी घासूनच येते.

आता तुमच्या दगडाकडे वळू. पहिला प्रश्न मी असा विचारीन की, विहीर खोल करताना सुरुंग लावला होता का? लावला असेल आणि गोळा त्या स्फोटाच्या जवळपास निघाला असेल, तर त्याच्या अंगात चिरा असण्याची शक्यता मोठी आहे आणि अशा दगडातून कोणत्याही कारागिराची सोंड सुखरूप उतरणार नाही. नदीपात्रातील गोटे या बाबतीत अधिक भरवशाचे असतात, कारण त्यांचा कमकुवत भाग नदीने आधीच काढून टाकलेला असतो. त्यांच्या वरच्या सालीत आपटण्याच्या चंद्रकोरीसारख्या खुणा असतात खऱ्या, पण ती साल घासून काढता येते. विहिरीतून किंवा खाणीतून निघालेल्या दगडाची परीक्षा मात्र आपल्यालाच करावी लागते.

ही परीक्षा सोपी आहे, पण तिला घाई चालत नाही. गोळ्याचा एक पातळ काप डायमंड ब्लेडने काढून घ्यावा, म्हणजे आतले थर दिसतात. उरलेला तुकडा स्वच्छ धुऊन पाण्यातून काढावा आणि सावलीत वाळताना त्याच्याकडे लक्ष ठेवावे. सबंध पृष्ठभाग कोरडा पडत जातो, पण जेथे चीर असते तेथे आत शिरलेले पाणी उशिरा सुकते आणि केसासारखी गडद रेघ मागे राहते. ती रेघ लगेच खूण करून ठेवावी, कारण पूर्ण वाळल्यावर ती दिसेनाशी होते. नंतर अंधाऱ्या खोलीत दगडामागे टॉर्च धरावा. थरांच्या रेषा गोळ्याच्या बाह्य आकाराला धरून वळत जातात. चीर मात्र थरांना न जुमानता त्यांना छेदून जाते आणि उजेडात आरशासारखी चमकते. थर आणि चीर यांतील हा फरक एकदा डोळ्यांत बसला, की अर्धे काम झाले, असे मी समजतो.

या दगडाचा जन्म ध्यानात घेतला, तर आतील रचनाही उमगते. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर सिलिकायुक्त पाणी झिरपून त्या पोकळ्यांच्या भिंतींवर थरावर थर साचत गेले. म्हणून अकीकाच्या गोळ्याला बाहेरून बहुधा हिरवट किंवा मातकट साल असते, मग कॅल्सेडोनीचे, म्हणजे सिलिकाच्याच सूक्ष्मकणी प्रकाराचे, पट्टे, आणि पुष्कळदा मध्यभागी दिसण्याजोगे स्फटिक किंवा पोकळी. यातील पट्ट्यांचा भाग कोरण्यास उत्तम, कारण त्याची घडण सूक्ष्म तंतूंची असते आणि त्यामुळे तो चिवट असतो. मधला स्फटिकी भाग तितकाच कठीण, पण अधिक ठिसूळ; तेथे कड धरली की ती दाणेदार तुटते. तुमचा कान नेमका कोणत्या भागात आला होता, ते पाहावे. कडेचे टवके कोणत्या जागी गेले आणि कोणत्या जागी गेले नाहीत, याची थरांशी तुलना केली, तर उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल असे मला वाटते.

जाता जाता एक सांगतो, कारण प्रश्न नाशिक जिल्ह्यातून आला आहे. त्याच विहिरीत काचेसारखे चौकोनी अपोफिलाइट किंवा गुलाबी-पांढऱ्या स्टिल्बाइटच्या जुड्या निघाल्या असतील, तर त्यांना बर लावू नये. ही खनिजे मऊ असतात आणि अपोफिलाइट तर एका पातळीत सहज सोलून निघते. कोरायला गेल्यास हाती चुरा उरेल. त्यांचे मोल त्यांच्या नैसर्गिक स्फटिकात आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी खनिजे मांडलेली आहेत. ती पाहिल्यावर कोणता दगड कोरावा आणि कोणता तसाच ठेवावा, याचा अंदाज चांगला येईल.

दगड शाबूत आहे असे गृहीत धरले, तरी आकाराचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तुमची मुख्य अडचण येथेच आहे. काठिण्य आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. पुष्कराजाचे (टोपाझचे) काठिण्य आठ, तरी नेमक्या पातळीवर ठोका बसला तर तो दुभंगतो. उलट नेफ्राइट जातीचे जेड अकीकाहून किंचित मऊ असते, पण त्यातील तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते फोडणे महाकठीण. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा मद्यपेला आहे. पेल्याचा आकार अर्ध्या भोपळ्याचा, तळाशी कमळाच्या पाकळ्या, आणि निमुळत्या टोकाला वळत जाऊन त्याची मूठ बकऱ्याचे डोके होते. इतके पातळ काठ आणि इतकी मोकळी, वळलेली मान त्या कारागिराला ठेवता आली, ती हाताच्या कौशल्याइतकीच दगडाच्या चिवटपणामुळे. तोच नमुना शुद्ध स्फटिकात, म्हणजे पारदर्शक क्वार्ट्झमध्ये, करायला घेतला, तर मूठ कितपत टिकेल याची मला शंका आहे. अकीक या दोहोंच्या मध्ये येतो. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी सांगतो की, अकीकात कोणताही सुटा, अधांतरी भाग पाच मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. हा काही निसर्गनियम नव्हे. सरावलेला हात यापेक्षा पुष्कळ बारीक जातो. पण पहिल्या मूर्तीला ही मर्यादा पाळावी.

गणपतीच्या बाबतीत ही मर्यादा मुळीच जाचक नाही. मातीच्या किंवा प्लास्टरच्या मूर्तींचे नमुने पुढे ठेवले, की मोकळी सोंड, पसरलेले कान आणि हवेत उचललेले चार हात येतात. ते साच्याला आणि मातीला शोभतात. दगडाला शोभणारा गणपती वेगळा असतो. आपल्या अष्टविनायकांतील स्वयंभू मूर्ती आठवून पाहा: अवयव जेमतेम सुचवलेले, सगळा आकार एका गोलाव्यात सामावलेला, तरी भक्ताला ओळख पटायला क्षणही लागत नाही. सोंड पोटावर टेकलेली, कान खांद्यांना लागलेले, पुढचे हात मांड्यांवर, मागचे हात पाठीशी सपाट उठावात, असा घट्ट आकार घेतला, तर तुटण्यासारखे काही बाहेर राहतच नाही. सोंड आणि पोट यांच्यामध्ये खोल खाच न घेता फक्त वळणाची रेघ घ्यावी. सावली पडली की सोंड सुटी भासते.

आता पट्ट्यांचा विचार, जो मला या कामातील सर्वांत रसाळ भाग वाटतो. पट्टेदार दगडात तुम्ही गोलावा घासला, की पट्टे नकाशातील समोच्चरेषांप्रमाणे त्या गोलाव्याभोवती फिरतात. पट्ट्यांची पातळी समोरच्या बाजूला समांतर ठेवली, तर पोटाच्या गोलाव्यावर एकात एक वर्तुळे उमटतात आणि नाभीचे काम न कोरताच होते. तीच पातळी काटकोनात ठेवली, तर अंगभर आडवे पट्टे येतात. दोन्ही चांगले दिसू शकते. मात्र चेहरा जेथे येणार तेथे एकरंगी जाड थर असावा. डोळा, गंडस्थळ आणि दात यांचे बारीक उठाव पट्ट्यांच्या रेघांत हरवतात. कोरलेली रेघ कोणती आणि दगडाची कोणती, हे पाहणाऱ्याला कळत नाही. काप काढून थर पाहण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठीही.

दगडाचा दोषसुद्धा याच विचाराने कामाला येतो. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातील जेडाइटचा, म्हणजे दुसऱ्या जातीच्या जेडचा, कोबी प्रसिद्ध आहे. सुमारे एकोणीस सेंटीमीटर लांबीचा तो जेडाइटचा तुकडा अर्धा पांढरा, अर्धा हिरवा आणि त्यात चिरा व डाग. बांगड्या किंवा वाटी करायला तो निरुपयोगीच ठरला असता. चीनच्या चिंग राजवटीच्या काळातील त्या अनाम कारागिराने पांढऱ्या भागाचे देठ केले, हिरव्याची पाने केली, चिरा पानांच्या शिरांत आणि सुरकुत्यांत लपवल्या आणि वरच्या हिरव्या टोकावर दोन कीटक बसवले. तुमच्या गोळ्यात एखादी चीर निघालीच, तर ती सोंडेच्या मुळाशी न येता सोंड आणि पोट यांच्या सीमारेषेवर किंवा आसनाच्या मागच्या भागात जाईल, अशा रीतीने मूर्ती दगडात फिरवून पाहावी. यासाठी आधी त्याच मापाची शाडूच्या मातीची प्रतिकृती करून दगडाशेजारी ठेवणे फार उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम मी असा ठेवतो. तळ आधी सपाट करावा आणि तो हवा त्यापेक्षा एक-दीड सेंटीमीटर उंच ठेवावा. पकडायला तेवढीच जागा असते आणि ती अगदी शेवटी कापून टाकता येते. समोरची आणि बाजूची बाह्यरेषा दगडावर काढावी. पेन्सिल किंवा मार्कर पाण्याने पुसला जातो, म्हणून ॲल्युमिनियमच्या तारेचे टोक घासून अणकुचीदार करावे आणि त्याने रेघ ओढावी. ती पाण्याखालीही टिकते. मोठा नको असलेला भाग ब्लेडने समांतर काप देऊन काढावा. अंतर्वक्र कोपऱ्यात ब्लेड नेण्यापूर्वी तेथे छोटे भोक पाडून घ्यावे, म्हणजे कापाची चीर त्या भोकापाशी थांबते. आरपार भोक हवे असेल, तर निम्मे एका बाजूने आणि निम्मे दुसऱ्या बाजूने पाडावे. एकाच बाजूने रेटल्यास बर बाहेर पडताना पाठीमागचा टवका हमखास नेतो. नंतर संपूर्ण मूर्ती एकाच वेळी थोडी-थोडी पुढे न्यावी. नवशिके चेहऱ्यापासून सुरुवात करतात, चेहरा सुंदर होतो आणि मग खांदे काढताना त्यालाच धक्का लागतो. कमकुवत भाग शेवटपर्यंत जाड ठेवावेत.

वेगाबद्दल गैरसमज फार आहेत. महत्त्वाचा असतो तो बराच्या कडेचा वेग, आणि तो व्यास व फेरे या दोहोंवर ठरतो. दोन मिलिमीटर व्यासाचा बर मिनिटाला २०,००० फेऱ्यांनी फिरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर होतो. त्याच फेऱ्यांवर वीस मिलिमीटरची चकती लावली, तर हा वेग दहापट होतो, पाणी कडेवरून उडून जाते आणि दगड जागच्या जागी तापतो. मोठ्या चकतीला दोन-तीन हजार फेरे पुष्कळ झाले. तुमच्या संचातील चकत्या तुम्ही पूर्ण वेगावर चालवल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. तसे असेल, तर कानांच्या कडा का गेल्या याचे आणखी एक कारण सापडले.

चकाकी न येण्याचे कारण पॉलिशच्या पावडरीत शोधू नये. जाड कणांच्या बराने घासलेल्या पृष्ठभागाखाली चरे खोलवर गेलेले असतात आणि ते पांढुरक्या ठिपक्यांसारखे दिसतात. त्यावर सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पावडर कितीही फिरवली, तरी फक्त वरचा थर गुळगुळीत होतो, ठिपके तसेच राहतात. त्यासाठी २२०, ४००, ६००, १२०० आणि शक्य असल्यास ३००० (हे कणांच्या बारकाईचे क्रमांक) अशा क्रमाने बारीक होत जाणारे अपघर्षक वापरावे लागते आणि प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याचा शेवटचा ओरखडा जाईपर्यंत थांबावे लागते. दर टप्प्यात घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे जुने ओरखडे आडवे उठून दिसतात. तपासणी नेहमी दगड कोरडा करून करावी, कारण ओला दगड खोटी चकाकी दाखवतो. टप्पा बदलताना मूर्ती, हात आणि पाण्याचे भांडे स्वच्छ धुवावे. २२० चा एक कण १२०० मध्ये शिरला, तर दिवसभराचे काम मागे जाते. खाचांत बर पोहोचत नाही, तेथे बांबूच्या किंवा कठीण लाकडाच्या काड्यांना टोक काढून त्यांवर हिऱ्याची पेस्ट लावावी. शेवटी फेल्टच्या किंवा चामड्याच्या चाकावर सेरियम ऑक्साइडचा लगदा जेमतेम ओलसर ठेवून, कमी वेगाने फिरवावा. सगळी मूर्ती चकचकीत करण्याचा हट्टही धरू नये. पोट, गंडस्थळ आणि सोंड चकाकती ठेवून खाचा व पार्श्वभाग ६०० वर मंद ठेवले, तर उठाव अधिक ठसठशीत दिसतो.

आता धुळीबद्दल, आणि येथे मी कोणतीही सवलत देणार नाही. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. कोरड्या घासण्यात उडणारी तिची सर्वांत बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, घशात अडकत नाही, थेट फुप्फुसांत जाऊन बसते आणि तेथे कायमचे व्रण करते. या सिलिकोसिसवर बरे करणारा इलाज नाही. क्षयरोगाचा धोकाही त्यामुळे वाढतो. खंबायतच्या ज्या कारागिरीचे मी वर कौतुक केले, तिची ही दुसरी बाजू आहे: घरोघरी चाकांवर अकीक घासणाऱ्या तेथील कुटुंबांत हा आजार पसरला आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावर अभ्यास केले. एकच मूर्ती करायची आहे, तर काय होणार, हा विचार मनातून काढावा. बर दगडाला लागताना तेथे पाणी असलेच पाहिजे. मास्क हा पाण्याच्या जोडीला, पाण्याऐवजी नव्हे; तोही एन-९५ किंवा त्याहून वरचा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. काम संपल्यावर शिंतोडे वाळले की त्यांचीच धूळ होते, म्हणून टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी, झाडू मारू नये. कामाचे कपडे वेगळे ठेवून वेगळे धुवावेत. गाळ मोरीत ओतू नये, तो नळीत घट्ट बसतो. बादलीत निवळू द्यावा आणि मग टाकावा. स्वयंपाकघर, निजण्याची खोली आणि मुलांची जागा या कामासाठी वर्ज्य समजावी.

काहींनी या दगडाला तापवून लाल रंग आणण्याचा सल्ला दिला असल्यास तो तूर्त बाजूला ठेवावा. रंग येईल की नाही हे दगडातील लोहावर अवलंबून असते, आणि कोरलेली वस्तू असमान जाडीची असल्याने तापवताना किंवा निवताना ती तडकण्याचा धोका अधिक. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइनच्या कारागिरांनी अकीक साखरेच्या पाकात मुरवून मग गंधकाम्लात तापवून काळा करण्याची रीत रूढ केली. बाजारातील बराच काळा ऑनिक्स असाच रंगवलेला असतो. तो प्रयोग घरी करण्याचा नाही. राखी-पांढऱ्या पट्ट्यांचा गणपती जसा आहे तसाच मला अधिक आवडेल, पण ही माझी आवड झाली.

तर आता यंत्र. जयपूरच्या किंवा इडारच्या कारागिराकडे पाहिले, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते: त्यांचे हत्यार जागेवर स्थिर फिरत असते आणि दगड दोन्ही हातांत धरून त्यावर फिरवला जातो. दोन्ही हातांची पकड आणि दोन्ही कोपरांना आधार मिळाल्याने दगड थरथरत नाही, आणि टवका उडण्याचे निम्मे श्रेय या थरथरीला जाते. तुमची पद्धत उलट आहे. एका हातात दगड, दुसऱ्यात वजनदार यंत्र, आणि दोन्ही अधांतरी. म्हणून नवीन यंत्र विकत घेण्यापूर्वी आहे तेच यंत्र टेबलाला शिकंज्यात आडवे घट्ट बसवावे आणि दगड हातात धरून पाहावा. मात्र विजेवर थेट चालणारे यंत्र आणि पाणी यांची गाठ जीवघेणी ठरू शकते. यंत्राला लवचिक शाफ्ट जोडता येत असेल, तर तो जोडून मोटर टेबलाच्या वर, पाण्यापासून दूर टांगावी आणि फक्त हँडपीस, म्हणजे बर बसतो तो दांडा, शिकंज्यात धरावा. तसे होत नसेल, तर त्या यंत्रावर पाणी सोडू नये आणि या कामासाठी टांगत्या मोटरीचे यंत्रच घ्यावे. दोन्ही बाबतींत जोडणी गळती-प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरूनच घ्यावी. पाण्यासाठी औषधांच्या दुकानातील सलाईनची नळी उत्तम. तिच्या चाकाने थेंब हवे तसे कमी-जास्त करता येतात आणि थेंब नेमका बराच्या टोकावर सोडता येतो.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते बरांवर करावेत. तुमच्या संचातील बरांवर हिऱ्याचा एकच थर विद्युतलेपाने बसवलेला असतो. तो गेला की खाली नुसते पोलाद उरते. सिंटर्ड बरांत हिऱ्याचे कण धातूच्या पूर्ण जाडीत मिसळलेले असतात, त्यामुळे झिजता झिजता नवे कण वर येत राहतात. ते महाग पडतात, पण मोठा गोल, छोटा गोल, दंडगोल आणि निमुळता असे चार चांगले बर तुमच्या तीस बरांपेक्षा जास्त काम देतील. झिजलेले जुने बर फेकू नयेत. त्यांचे उरलेले कण बोथट झाल्याने मधल्या टप्प्यातील हलक्या घासकामाला ते चांगले चालतात.

राहिला तो सोंड तुटलेला तुकडा. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती भंगली, तर ती विसर्जित करण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या धास्तीने काही जण अर्धवट कामही टाकून देतात. तुमचा दगड अजून मूर्ती झालेलाच नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. तुटलेले टोक चिकटवूही नये; डिंकाची रेघ पॉलिशनंतर हटकून दिसते आणि त्या जागी पुन्हा बर लागला की जोड सुटतो. त्याऐवजी वर सांगितल्याप्रमाणे चिरांची परीक्षा करून दगड शाबूत ठरल्यास सबंध दर्शनी भाग तीन-चार मिलिमीटर मागे घासून घ्यावा, म्हणजे कानांचे टवकेही त्यातच जातील, आणि नवी सोंड आखूड, रुंद व पोटावर टेकलेली आखावी. त्याआधी काढलेल्या कापाच्या उरल्या तुकड्यावर फक्त एक सोंड, साधी, उठावाची, २२० पासून सेरियमपर्यंत पूर्ण करून पाहावी. त्या तुकड्याचा कोरडा असतानाचा फोटो आणि दगडाच्या थरांचा उजेडात घेतलेला फोटो येथे टाकलात, तर चेहरा कोणत्या थरात घ्यावा हे मला अधिक नेमके सांगता येईल.